न घातलेले टाके

फराळाचं ताट पुढ्यात असेल तर हा लेख आधी बाजूला ठेवा. लाडू-चकली संपवा, हात धुवा आणि मग वाचा. मी नर्स होते. निम्मी नोकरी पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका आरोग्य केंद्रात झाली आणि उरलेली महाडात. लोकांना वाटतं, बाळंतपणाच्या आठवणी म्हणजे आडवाटेला अडलेली जीप, पावसात वाहून गेलेला साकव आणि शेवटी गोंडस बाळ. ते सगळं माझ्याकडेही आहे. पण मला लिहायचंय ते बाळ बाहेर आल्यावरचं, जेव्हा सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं आणि बाई टेबलावर तशीच पडून असते.

बाळाचं डोकं बाहेर येताना बाईची खालची जागा फाटते. पहिलटकरणीची तर बहुतेक वेळा थोडीफार फाटतेच. मी 'खालची जागा' म्हणते, कारण तिला घरात उच्चारता येईल असा शब्दच आपल्याकडे नाही. एक शब्द पुस्तकातला, तो बायकांना कळत नाही. दुसरा सगळ्यांना कळतो, पण तो शिवीतला. त्यामुळे जन्मभर बोटानं खाली दाखवूनच मी काम भागवलं.

तर फाटलं की प्रश्न एकच, शिवायचं की राहू द्यायचं? वरवरची कातडी फाटलेली असेल, रक्त थांबलेलं असेल आणि कडा आपोआप एकमेकींना भिडत असतील, तर टाका नाही घातला तरी भरून येतं. फाट आत मांसापर्यंत गेली असेल तर थर जुळवून टाके घालावेत. आणि मागच्या बाजूच्या गोल स्नायूपर्यंत गेली, तर नर्सनं हात लावू नये, बाईला सरळ महाडला धाडावं. हे झालं शास्त्र. प्रत्यक्षात मधल्या प्रकारावरच सगळी वादावादी. बाईला नको असतात, सासूला नको असतात, नवरा मुंबईला असतो. वाडीवरच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "आमी काय शिवून घेतलं व्हतं? पाय जोडून निजायचं, धुरी घ्यायची, आपसूक मिळून येतं." काहींचं मिळून यायचंही. ज्यांचं यायचं नाही त्या बोलायच्या नाहीत, एवढाच फरक. पुढं कधीतरी खोकल्याचं औषध घ्यायला आल्या की दाराकडे बघत हळूच सांगायच्या, हंडा उचलला की खाली कायतरी येतं म्हणून.

अशा बायकांवर मी फार रागवायची. माझा आवाज मोठा, जीभ तिखट. "लाज कसली गो? पोर झालं तेव्हा लाज कुठं होती?" असं मी म्हणायची आणि ते वाक्य मला फार हुशारीचं वाटायचं. कमळमावशी, म्हणजे आमच्या केंद्रातल्या आया, मूळच्या दासगावच्या, त्या मला म्हणायच्या, "सिस्टर, तुमी बोलून फाडता नी मग शिवता." मी हसायची. माझे टाके सुबक पडायचे, याचा मला अभिमान होता आणि तो अजूनही आहे, उगाच खोटं कशाला बोलू?

आता सुरेखाची गोष्ट सांगते.

त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. ग्रहणात आमचं केंद्र ओस पडायचं. अंगात ताप असला तरी माणूस ग्रहण सुटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. डॉक्टर अलिबागला मीटिंगला गेले होते. केंद्रात मी आणि कमळमावशी. अशात एक जीप येऊन थांबली. आत सुरेखा, पहिलटकरीण, विशीतली पोर, आणि तिची सासू. सासूनं वेध लागल्यापासून सुनेला सरळ उताणं निजवून ठेवलं होतं. हालायचं नाही, खाजवायचं नाही, काही चिरायचं नाही. कळा काही ग्रहण पाळत नाहीत, म्हणून शेवटी नाइलाजानं आणलेलं. आणल्यावर फार वेळ लागला नाही. मुलगी झाली, दणकून रडली. पण सुरेखा आतपर्यंत फाटली होती आणि रक्त बारीक धारेनं चालू होतं.

मी ट्रे उघडला तशी सासू दारातून ओरडली, "बाय, सुई नको लावू! गिराण हाय. पोरीचा कान फाटंल, नायतर व्हट."

"आजी, पोरगी बाहेर आली. तिचं आता काय फाटणार? फाटायचं ते तुमच्या सुनेचं फाटलंय."

"सुटंपर्यंत थांबा. सुटल्यावर काय करायचं ते करा."

रक्त चालू नसतं तर मी थांबलेही असते. तासा-दोन तासांनी काही बिघडत नाही. पण मी कापसाची घडी दाबून धरली होती आणि ती भिजत चालली होती. कमळमावशींनी माझ्याकडे बघितलं, बाहेर व्हरांड्यात गेल्या, आभाळाकडे तोंड केलं. ढग दाटलेले होते, समोर डोंगर, सूर्य कुठं आहे हेसुद्धा दिसत नव्हतं. मावशी तिथूनच ठणकावून म्हणाल्या, "सुटलं गो गिराण! जा आजी, हातपाय धुवून ये, पोरीला घ्यायचंय ना?" सासू नळावर गेली. मावशींनी दार ओढून घेतलं.

मला वाटलं, मिटलं. सुई धरली, तर सुरेखानं गुडघे एकमेकांना असे गच्च जुळवले की मला ते सुटेनात. आता हिला काय झालं? मी माझं नेहमीचं अस्त्र काढलं, लाज कसली वगैरे. सुरेखा रडायला लागली. मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, "गिराण सासूला व्हतं, सिस्टर. हिला ते नाय. हिला खरंच लाज वाटतेय."

सुरेखा पदरात तोंड खुपसून म्हणाली, "बाय, तिथं दिवा लावून बगणार तुमी?"

"दिवा नको तर काय अंधारात शिवू?"

मग तिनं पदर बाजूला करून माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमाला पोर हाय ना? तुमी घातलंत टाकं?"

मी सुईतला दोरा उगाच ओढून बघितला. ते बघून कमळमावशी पुढं झाल्या. "घातलं म्हंजे? पाच! हितंच, ह्याच टेबलावर. मीच दिवा धरलेला. सिस्टर हूं का चूं बोलल्या नायत."

मी हातातल्या सुईकडे बघत राहिले. सुरेखा थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिचे गुडघे सैल झाले. मी भूल टोचली, थर जुळवले, टाके घातले. माझ्या हातून इतकं चांगलं काम फार थोड्या वेळा झालं असेल. ती खडखडीत बरी झाली.

कमळमावशींचं त्या दिवशीचं हे दुसरं खोटं. पहिलं सासूला पचलं, दुसरं मला आजवर पचलेलं नाही.

खरं काय होतं, तेही सांगते. त्याच्या आदल्या वर्षी माझा मुलगा झाला. माझं सासर तुडीलला, बाळंतपण महाडात करायचं ठरलं होतं, पण दिवस भरायच्या आधीच ड्युटीवर असताना पाणी गेलं. गाडी मिळेपर्यंत डोकं खाली आलेलं. माझं बाळंतपण कमळमावशींनी केलं, माझ्याच टेबलावर. डॉक्टर बाहेर उभे होते. देशावरून आलेला, नुकतं लग्न झालेला, सज्जन माणूस. बाळ झाल्यावर ते आत आले आणि भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे तोंड करून म्हणाले, "सिस्टर, मला एकदा बघावं लागेल."

मी म्हणाले, "गरज नाही. लहान आहे."

"मावशी म्हणतात बरंच आहे. टाके लागतील."

"मला कळतं ना, डॉक्टर. मी रोज बघते. राहू दे."

कुणी बाई स्वतःचं तिथलं बघू शकते का? मी काहीही बघितलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की सव्वा-दीड महिन्यानं, नाहीतर तीन महिन्यांनी, मी परत कामावर येणार. या माणसाच्या शेजारी उभी राहून त्याला कात्री देणार, त्याच्यासोबत चहा पिणार, आणि यानं माझं ते बघितलेलं असणार. ते मला सहन होईना. डॉक्टरांनाही होत नसावं, कारण त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. "तुम्ही म्हणता तर ठीक आहे," म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगायला निघून गेले. शिकलेली दोन माणसं, दोघंही लाजली आणि जखम तशीच राहिली. मावशी मात्र मला म्हणाल्या, "सुईणीपुढं पोट लपवताय, बाय." मी त्यांच्यावरही ओरडले.

बदली होऊन जाताना डॉक्टर मला म्हणाले होते, "सिस्टर, त्या दिवशी मी तुमचं ऐकायला नको होतं." मी विषय बदलला.

जखम भरली, पण उघडीच भरली. फाटलेल्या ब्लाउजच्या कडा नुसत्या दुमडून ठेवाव्यात तशी. मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही. गौरीत बायका फुगडीला ओढायच्या, तेव्हा मी स्वयंपाकघरात काम काढायची. जोरात शिंक आली की भिंतीला टेकायची. माझ्या यजमानांना इतकंच माहीत की मी चिडकी आहे.

हे झालं माझं. पण सुरेखा गप्प बसणारी नव्हती. तिनं वाडीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं की सिस्टरनी स्वतः टाके घेतलेत, पाच, त्याच टेबलावर आणि हूं का चूं केलं नाही. पुढं ती आशा झाली. गावोगावच्या गरोदर बायकांची नोंद ठेवायची, त्यांना लशीला आणायचं, बाळंतपणाला दवाखान्यात पोचवायचं, हे आशांचं काम. सुरेखानं ते मन लावून केलं. वरच्या चार-पाच वाड्यांतल्या बायका तिच्या शब्दावर खाली यायला लागल्या. कुणी टाक्यांना नको म्हणाली की सुरेखा तिच्या उशाशी उभी राहून सांगायची, "आमच्या सिस्टरनी पण घेतलंत, मग तुला काय झालं?" बायका माझ्याकडे बघायच्या. मी सुई ओवायची.

कुणी म्हणेल, चांगलंच झालं की! एका खोट्यानं इतक्या बायकांचं भलं झालं. मीही स्वतःला हेच सांगत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत होती आणि वर लोक माझंच उदाहरण देत होते. महाडात बदली झाल्यावर मला वाटलं, आता इथल्या एखाद्या डॉक्टरीणबाईंना दाखवून टाकावं. पण महाड केवढंसं! प्रत्येक दवाखान्यात माझ्या हाताखालून गेलेली एक तरी नर्स. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय आहे ते मलाच माहीत, म्हणून मी ती झाकूनच निवृत्त झाले.

यंदा मात्र निभेना. अंग बाहेर यायला लागलं. ज्यांना हा शब्द ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांना नाही, त्यांनी एवढंच समजावं की पोटातलं जे आत राहायला हवं ते खाली उतरतं आणि चालताना लागतं. घरी मी सांगितलं, गुडघे दुखतात. आणि नव्यानं आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसले, कोपऱ्यातल्या खुर्चीत, डोक्यावरून पदर घेऊन. जन्मात कधी घेतला नव्हता तसा.

आणि दारातून आली सुरेखा. केस पिकलेले, खांद्याला आशांची ती पिशवी. मागं तिची लेक प्राजक्ता, ग्रहणातली तीच. कडेवर दीड महिन्याचं बाळ. लग्न करून मुंबईकडे दिव्याला राहते. तिथंच बाळंतीण झाली आणि आता माहेरपणाला म्हणून वीर स्टेशनवर उतरली होती.

"अगो बाय, सिस्टर! तुमी हितं? कुणाला घेऊन आलाव?"

मी म्हणाले, "आहे एक पेशंट."

बघा, अजूनही.

सुरेखा माझ्या शेजारी बसलीच. "बरं झालं भेटलाव. हिला जरा समजावा. हिला फाटलं आणि हिनं टाकं घातलं नाय."

प्राजक्ता वैतागून म्हणाली, "आई, किती वेळा सांगू? मॅडमनीच विचारलं मला. बोलल्या, छोटंसं आहे, ब्लीडिंग नाही, टाके घातले तरी चालेल, नाही घातले तरी चालेल, तुम्हाला काय पाहिजे? मी बोलली, नको."

"इचारतात काय? डाक्टर हाय का हाटेलवाली?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी एकाही बाईला 'तुम्हाला काय हवं' असं विचारलेलं मला आठवत नाही. समजावलं, दटावलं, रडवलं, पण विचारलं नाही. मी सुरेखाला सांगितलं की पोरीनं केलं ते बरोबर आहे, लहान असेल तर राहू दिलं तरी भरतं. तिला ते पटेना. "मंग तुमी का घेतलंत?"

"माझं मोठं होतं."

इतक्यात पेशंटची नावं आणि तक्रारी लिहून घेणारी टेबलामागची पोरगी उठली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजी, अंग बाहेर येतंय ना तुमचं? तुम्ही या आत."

खोलीत सात-आठ बायका, दोन नवरे. मी उठले. सुरेखाकडे बघितलं नाही.

आत डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हाताला हलक्या, बोलायला शांत. "टाके कुणी घातले होते?" त्यांनी विचारलं. "घातले नव्हते," मी म्हणाले. त्यांनी माझा कागद परत बघितला, त्यावर 'निवृत्त परिचारिका' लिहिलेलं होतं. म्हणाल्या, तेवढ्यामुळंच झालं असं नाही म्हणता येणार, वय असतं, ओझी उचललेली असतात, पण तिथं आधार उरलेला नाही हे खरं. ऑपरेशन करून घ्या. मी मान हलवली.

बाहेर आले तर सुरेखा दाराशीच उभी होती. मला वाटलं, कशी आहात विचारेल. तिनं वेगळंच विचारलं. चेहरा उतरलेला. आवाज अगदी खाली.

"सिस्टर, म्हंजे टाकं घालून पण अंग भायेर येतं?"

"सुरेखा—"

"नाय, मला खरं सांगा. मी वाडीवरच्या किती बायकांना तुमचं नाव सांगून टेबलावर निजवलंय. एकेकीचे पाय धरलेत मी. आता त्यांनी इचारलं की सिस्टरचंच आसं झालं, तर मी काय बोलू? पुढची येईल का कुणी माझ्यासंगती?"

तेव्हा मला कळलं की मूठ आता माझी एकटीची राहिलेली नाही. मी गप्प बसले असते, तर उद्या चार वाड्यांत झालं असतं की टाके घालून काही उपयोग नाही, सिस्टरकडे बघा. जे खोटं मी बायकांच्या भल्याचं म्हणून सांभाळलं होतं, तेच आता त्यांच्यावर उलटणार होतं.

मी म्हणाले, "माझे टाके घातलेच नव्हते."

"मावशी तं बोलल्या—"

"मावशी तुझ्यासाठी खोटं बोलल्या. मी ऐकून घेतलं."

"पन का नाय घातलंत? तुमच्याच हातात व्हतं सगळं."

"लाज वाटली."

सुरेखानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग एवढंच म्हणाली, "तुमाला?"

त्यात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. आयुष्यात मला बोलणी कमी बसलेली नाहीत, वरिष्ठांची बसली, पेशंटच्या नातेवाइकांची बसली. पण त्या एका शब्दानं मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. प्राजक्ता बाळाला थोपटत उभी होती. तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसले नाही.

सुरेखानं पिशवी परत खांद्याला लावली आणि म्हणाली, "एक करा. लशीच्या दिवशी वाडीवर या. बायका सगळ्या जमतात. तुमच्या तोंडानं सांगा, टाकं नव्हतं म्हणून झालं, लाज वाटली म्हणून झालं. मी सांगितलं तर मी खोटी पडेन, तुमी सांगितलंत तर आयकतील."

"येते," मी म्हणाले.

ऑपरेशन झालं. सुरेखा दोन दिवस माझ्या उशाशी राहिली, डबा आणला, मागचं काही काढलं नाही. निघताना फक्त म्हणाली, "वाट बघते." त्यानंतर लशीचे किती दिवस येऊन गेले. आधी डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हटलं होतं, मग पावसानं घाटरस्ता खचला, मग गणपती आले. आता रस्ता चांगला आहे आणि जीप वाडीच्या देवळापर्यंत जाते. मी बरी आहे. चालते, जिने चढते, भाजीची पिशवी उचलते.

सुरेखाचा फोन येतो तेव्हा मी मुलाला सांगते, आंघोळीला गेलेय म्हण.

आणि इथं मात्र एवढं सगळं लिहून टाकलं. मुंबई-पुण्याचे लोक वाचतील, कुणी धीट म्हणेल, कुणी पत्रसुद्धा पाठवेल. वरच्या वाड्यांवर दिवाळी अंक जात नाहीत, हे मी लिहायला बसण्याआधीच नीट आठवून घेतलं होतं.